ओझू शांत नाही हो, बडबड्या आहे! (जुने जपानी सिनेमे आणि आपलं लिहिणं)

अर्धविराम

मागे इथल्याच एका कथेवर कुणीतरी "ओझूच्या सिनेमासारखी शांत कथा" असा प्रतिसाद दिला होता. कथेत एक बाई खिडकीशी बसून पाऊस बघते, कुणी कुणाशी बोलत नाही, शेवटी चहा गार होतो. कथा वाईट नव्हती. पण ओझूच्या नावावर हे खपवू नका, एवढं सांगायला तेव्हापासून हात शिवशिवतायत. आज रविवार आहे, लिहूनच टाकतो.

यासुजिरो ओझू (१९०३–१९६३) या जपानी दिग्दर्शकाची माणसं गप्प बसत नाहीत. हवा, गाडीची वेळ, कोण जाड झालंय, कुणाच्या मुलाला कुठे चिकटवलं, केक केवढ्याला आणला, असं त्यांचं अखंड चालू असतं. मी कथा लिहितो, त्यामुळे सिनेमा बघताना अर्धं लक्ष चोरी करण्यावर असतं. जुन्या जपानी सिनेमातून मी सगळ्यात जास्त चोरलंय ते हे किरकोळ बोलणं. त्याचा चटईच्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा, ती ५० मिलिमीटरची लेन्स, मधूनच दिसणाऱ्या रिकाम्या खोल्या, यांवर समीक्षकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग काय? आपल्या हातात लेन्स नाही, फक्त वाक्यं आहेत.

'टोकियो स्टोरी'ची (१९५३) सुरुवात घ्या. ओनोमिची नावाच्या समुद्रकाठच्या गावात शुकिची आणि तोमी हे म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला जायला सामान भरतायत. तो वेळापत्रक चाळतोय. प्रवासातली हवेची उशी कुठाय, यावरून दोघांचं चाललंय. तो म्हणतो, तुझ्याकडे दिली. ती म्हणते, माझ्याकडे नाही. मधेच शेजारीण खिडकीतून डोकावते, मुलं चांगली निघाली हो तुमची, असं काहीबाही बोलून पुढे जाते. मग पुन्हा उशी. आणि ती निघते म्हाताऱ्याच्याच सामानात. "सापडली?" "हो, सापडली." बस. "बघा, तुमच्याकडेच होती" असं तोमी म्हणत नाही, आणि "चुकलं माझं" असं तोही म्हणत नाही.

पहिल्यांदा बघताना हे नुसतं वाहून जातं. शेवटी तोमी गेलेली असते, मुलं आपापल्या गावी परतलेली असतात, आणि तीच शेजारीण त्याच खिडकीत येते. शुकिची तिला सांगतो, असं होणार हे ठाऊक असतं तर ती होती तेव्हा तिच्याशी जरा बरं वागलो असतो. आता, बरं म्हणजे काय? तरुणपणी तो पीत असे हे आपल्या कानावर आलेलं असतं, पण आपण ते बघितलेलं नसतं. आपण बघितलेली असते ती उशी. दोन तासांपूर्वी, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा बेताने ठेवलेली. मला कुणी "कथेत पेरणी कशी करावी" असं विचारलं, तर मी हीच दोन दृश्यं दाखवीन.

आता थोरली मुलगी शिगे. हारुको सुगिमुरा या नटीने केलीय, आणि काय केलीय! घरातच तिचं केशकर्तनालय. नवरा सासू-सासऱ्यांसाठी केक घेऊन येतो, तर ही म्हणते, एवढे महाग कशाला आणलेत, त्यांना बिस्किटं चालली असती. आणि म्हणता म्हणता स्वतःच एक तोंडात टाकते. गिऱ्हाईक बाई विचारते, हे कोण आलेत? तर म्हणते, गावाकडचे ओळखीचे. आई अत्यवस्थ असल्याची तार येते तेव्हा ही भावाला विचारते, सुतकाचे कपडे बरोबर घ्यायचे का? आणि वर, घेऊ या, लागले नाहीत तर बरंच. दहनानंतरच्या जेवणात आईचा अमुक पट्टा आणि तमुक कापड मला हवं, असं सांगून मोकळी होते. यातल्या एकाही वाक्यात ती दुष्ट नाही. सगळी वाक्यं व्यवहाराला धरून आहेत. आपल्या घरात असं बोलणारं कुणीतरी असतंच, आणि प्रवासाची बॅग तेच नीट भरतं. आई जाणार हे कळल्यावर हीच शिगे हमसून रडते, ते रडणंही खोटं नाही.

'लेट स्प्रिंग'पासून (१९४९) शेवटच्या सिनेमापर्यंत (१९६२) ओझूच्या सगळ्या पटकथा कोगो नोदाबरोबर लिहिलेल्या. आधी चिगासाकीच्या एका सरायीत आणि नंतर तातेशिनाच्या डोंगरात नोदाच्या बंगलीवर दोघं महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायचे. रात्री साके (तांदळाची जपानी दारू), दुपारी झोप, मधल्या वेळात संवाद. किती बाटल्या रिचवल्या यावरून पटकथा कुठवर आली ते मोजायचे म्हणे. भूमिका कोण करणार हे आधी ठरवून त्या माणसाच्या तोंडी वाक्यं लिहायची, ही त्यांची रीत. माझ्याकडे सुगिमुरा नाही, पण एक मावशी आहे. माझ्या कथांतल्या निम्म्या बायका तिच्या आवाजात बोलतात. (तिने अजून ओळखलेलं नाही. ती आंतरजालावर फक्त पाककृती बघते.)

दिवाळी अंकासाठी सध्या एका कथेवर काम चालू आहे. आई गेल्यावर दोन भाऊ गावचं घर आवरायला आलेत. वाटणीवरून मनं कडू झालीयत. पहिल्या खर्ड्यात त्यांचं पानभर कडकडीत भांडण होतं. आता तिथे एवढंच आहे:

"सिलिंडर कधी लावला होता?"
"पाडव्याला."
"म्हणजे अर्धा असेल अजून."
"असेल. हलवून बघ."
"कनेक्शन आईच्या नावावर आहे ना?"
"हो. तू नेतोयस का?"
"मी कुठे म्हटलं तसं?"

तर, तुमच्या लिहिण्यात कुठला जुना जपानी सिनेमा शिरलाय? नाटकं, कविता, काहीही चालेल. हायकूवाल्यांनीही यावं, पण बाशोच्या त्या प्रसिद्ध हायकूतला बेडूक आणि तळं घरी ठेवून.

मधली_सुट्टी

झक्कास धागा. वाचनखूण साठवली आहे. मी फक्त 'सेव्हन सामुराई' बघितलाय, तोही दोन बैठकांत. कोपऱ्यात बसून वाचते.

साडेसाती

म्हणजे जपानी 'बागबान' म्हणा की! मुलं नालायक, आईबाप बिचारे. मी प्रामाणिकपणे लावला होता एकदा. उशी सापडायच्या आत मला झोप लागली.

अर्धविराम

@साडेसाती, उशीवरच झोपलात म्हणजे काहीतरी घेतलंत सिनेमातून.

कथासूत्र एक आहे हे खरंच. लिओ मॅककेरीचा १९३७ चा 'मेक वे फॉर टुमॉरो' हा अमेरिकन सिनेमा नोदाने पाहिला होता, आणि 'टोकियो स्टोरी'चं मूळ तिथे आहे. पण 'बागबान'मध्ये मुलं शेवटी ताळ्यावर आणायची असतात, बापाला भाषण द्यायचं असतं, टाळ्या घ्यायच्या असतात. इथे धाकटी मुलगी क्योको चिडून सुनेला म्हणते, भावंडं किती स्वार्थी आहेत! विधवा सून नोरिको तिला समजावते की मुलं मोठी झाली की आईबापांपासून लांब जातातच, मीही होईन तशी. क्योको विचारते, मग आयुष्य म्हणजे निराशाच नाही का? नोरिको हसून म्हणते, हो, आहेच. नोरिको झालेल्या सेत्सुको हाराचं ते हसणं बघा एकदा. सगळ्यात गुणी माणसाच्या तोंडी हे वाक्य ठेवायला छाती लागते. मी असतो तर शिगेच्या तोंडी दिलं असतं आणि मातेरं केलं असतं.

पडवी

छान लिहिलंय, अर्धविराम. पण ओझूच्या घरात पैशांची चणचण फारशी नसते हो. केक महाग वाटतो, पण केक येतो. माझ्या लिहिण्यात शिरला तो दिग्दर्शक मिकिओ नारुसे.

'व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स' (१९६०). टोकियोच्या गिंझा भागातल्या एका बारची मालकीणवजा व्यवस्थापक केइको, तिशीतली विधवा. भूमिका हिदेको ताकामिनेची. या केइकोची उलाढाल सिनेमाभर आपल्यासमोर मांडलेली आहे. चांगल्या वस्तीतल्या जागेचं भाडं, किमोनो, अत्तर, यांतलं काही कमी करता येत नाही, कारण गिऱ्हाइकाला ऐट दिसली पाहिजे. उधारीवर पिऊन गेलेल्यांकडे वसुलीला जायचं. भाऊ पैसे मागतो, पुतण्याच्या पायाच्या शस्त्रक्रियेचा खर्च आहे. आई म्हणते, तू एवढी थाटात राहतेस आणि आम्हाला देताना... प्रत्येक पुरुष तिच्याकडे प्रेम घेऊन येतो आणि तेही शेवटी कुठल्यातरी हिशेबातच बसतं. ज्या बँकवाल्यावर तिचा जीव असतो तो तिला काही शेअर्स देऊन ओसाकाला बदलीवर निघतो. ही स्टेशनवर जाते, गाडीत बायको-मुलं बसलेली असतात, त्यांना नमस्कार-चमत्कार करून, मुलांना खाऊ देऊन शेअर्स परत करते. आवाजसुद्धा चढवत नाही. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हे बघितल्यावर मी माझ्या जुन्या कथा काढून वाचल्या. नायिका शिक्षिका आहे, बँकेत आहे, परिचारिका आहे, हे कळतं. तिला हातात किती मिळतात, त्यातले घरी किती जातात, भिशी लागली तर ती काय करणार, याचा पत्ता नाही. एकूणच आपल्या मध्यमवर्गीय कथेला पैशाचा आकडा लिहायची लाज वाटते, असं माझं मत झालंय. दुःख लिहायचं, पगार लिहायचा नाही. आता मी कथा सुरू करण्याआधी पात्राचं महिन्याचं जमाखर्चाचं पान लिहून काढते. ते कथेत येत नाही, पण त्याने संवाद बदलतात. बाई "मी येते ना रिक्षाने" म्हणते की "चालत जाईन, जवळच आहे" म्हणते, ते त्या पानावर ठरतं.

नारुसेच्या मागे फुमिको हायाशी ही लेखिका आहे, हेही लिहून ठेवते. गरिबीत वाढलेली, मिळेल ती कामं केलेली. तिच्या लिखाणावर त्याने 'मेशी' (१९५१), 'लेट क्रिसँथेमम्स' (१९५४), 'फ्लोटिंग क्लाउड्स' (१९५५) असे एकामागून एक सिनेमे केले. 'मेशी' ही कादंबरी तर ती अर्धवट टाकूनच गेली होती.

काना_मात्रा

पडवीताई, ते जमाखर्चाचं पान ढापणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

माझा विषय अकिरा कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०). दर दिवाळीत एक तरी कथा अशी येते की चार जण एकच घटना सांगतात, आणि संपादक वर चौकटीत "राशोमोन शैलीतील प्रयोग" असं छापतात. वाचून बघावं तर चौघं मिळून एक कोडं असतं आणि शेवटच्या परिच्छेदात त्याचं उत्तर. 'राशोमोन' रहस्यकथा नाही. तिथे गंमत अशी की गुन्हा कुणी नाकारतच नाही! दरोडेखोर म्हणतो, सामुराईला मी मारलं, आणि काय झुंज झाली महाराजा! बायको म्हणते, खंजीर माझ्या हातात होता. मेलेला नवरा मांत्रिकबाईच्या तोंडून सांगतो, मीच स्वतःला संपवलं. खुनाचा आळ अंगावर घेतील, पण आपण भेकड किंवा टाकलेले दिसू, हे कुणालाच सोसत नाही. लपवायचं असतं ते पाप नाही, फजिती. चार निवेदक घेऊन कथा लिहायचीच असेल, तर प्रत्येकाला कशाची लाज वाटते ते आधी ठरवा, खून नंतर बघू.

मूळ कथा र्‍युनोसुके अकुतागावाची, १९२२ ची. तिच्यात नुसत्या साक्षी आहेत, एकापुढे एक, आणि लाकूडतोड्या फक्त प्रेत सापडल्याचं सांगतो. शिनोबू हाशिमोतो या तेव्हाच्या अगदी नवख्या माणसाने त्यावर पटकथा लिहिली, ती पुरेशा लांबीची होईना. मग अकुतागावाचीच दुसरी, १९१५ ची कथा घेऊन त्यातलं मोडकं वेशीचं दार वर चढवलं, आणि पावसात अडकलेले तिघं तिथे बसवले. लाकूडतोड्याची दुसरी साक्ष सिनेमाची स्वतःची. म्हणजे जो आत्तापर्यंत नुसता सांगणारा होता, तोही खोटारडा निघाला. कथेचं रूपांतर करताना "मूळाशी प्रामाणिक" राहण्याचा बाऊ करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

(अवांतर: चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी कुरोसावाच्या तिघा सहायकांनी त्याला गाठून सांगितलं होतं की पटकथा आम्हाला कळत नाही. त्याने समजावलं, दोघांचं समाधान झालं, एकाचं तरीही झालं नाही. ज्यांच्या कथा साभार परत येतात त्यांनी हा किस्सा भिंतीवर लावावा.)

टेबलाखालून

नमस्कार मंडळी. मी लेखक वगैरे नाही, अधूनमधून ललित लिहितो. उभी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे कुरोसावाचा 'इकिरु' (१९५२) बघून मला आधी घाम फुटला आणि मग रडू.

सुरुवातीला मोहल्ल्यातल्या बायका सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात. हे खातं म्हणतं त्या खात्यात जा, ते म्हणतं तिसऱ्या. आरोग्य, गटारं, रस्ते, शिक्षण, फिरत फिरत उपमहापौर, आणि तिथून परत पहिल्या खिडकीवर. एकही कारकून उद्धट नाही, हे लक्षात घ्या. सगळे नियमाने बोलतात. हे लिहिणाऱ्याने फाईल फिरताना जवळून बघितलेली असणार.

अर्धविरामांच्या मुद्द्याला जोड द्यायची तर ती पुढे आहे. नायक वातानाबे, त्याच कचेरीतला साहेब, त्याला पोटाचा कर्करोग आहे, हे निवेदक पहिल्याच मिनिटाला क्ष-किरणाचं चित्र दाखवून सांगून टाकतो. उत्कंठा वगैरे भानगड नाही. मग तो भटकतो, पितो, तरुण मुलीच्या मागे मागे फिरतो, आणि एकदाचं त्याला सुचतं की त्या डबक्याच्या जागी बाग करायची. आता आपण सरसावून बसतो, की हा कसा लढतो बघू. तर निवेदक सांगतो, पाच महिन्यांनी आपला नायक वारला. सिनेमा अजून एक-तृतीयांश बाकी आहे!

उरलेला सगळा वेळ म्हाताऱ्याच्या तसबिरीसमोर बसलेले सहकारी. आधी उपमहापौर श्रेय लाटतो. मोहल्ल्यातल्या बायका येऊन न बोलता रडतात, त्याने अवघडून साहेब लोक काढता पाय घेतात. मग राहिलेले कारकून पीत पीत बोलू लागतात. त्याला रोगाची कल्पना होती का? नव्हती हो. अहो पण त्या दिवशी जिन्यात... प्रत्येकाकडे एक-एक तुकडा असतो, आणि त्यातून बाग कशी झाली ते आपल्याला कळतं. शेवटी सगळे शपथा घेतात, उद्यापासून आपणही असंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज येतो, नवा साहेब तो दुसऱ्या खात्याकडे ढकलतो. एक जण ताडकन उठतो, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि तो बसतो. फायलींच्या गठ्ठ्यामागे दिसेनासा होतो.

आमच्याकडचे निरोप समारंभ आणि शोकसभा आठवून बघा. खरं बोलणं भाषणांत कधी झालंय? ते नंतर, वडे संपल्यावर. मी एका दिवंगत सहकाऱ्यावर लेख लिहायला घेतला होता, तो नेहमीच्या "मनमिळाऊ स्वभाव" छापाचा होत होता. मग मी ते सोडून त्यांच्या दहाव्याला कोण काय बोललं, तेवढंच लिहिलं. लेख झाला.

काना_मात्रा

काका, नुसतं "ललित लिहितो" म्हणू नका, तो लेख इथे टाका.

आणि ही रचना एकट्याची नव्हे, हेही सांगायला हवं. 'इकिरु'च्या पटकथेला कुरोसावा, हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी असे तिघं होते. पहिले दोघं लिहायचे, आणि ओगुनी बऱ्याचदा स्वतः न लिहिता, लिहिलेलं वाचून "हे चालणार नाही" म्हणायचा. नायकाला मधेच मारायची कल्पना त्याचीच. कुरोसावाने त्याचं ऐकून आधीची पानं फाडून टाकली, असं हाशिमोतोने आपल्या आठवणींत सांगितलंय. आपण मराठी लेखक एकेकटे लिहितो, आणि मग समीक्षकाने काही म्हटलं की वर्षभर रुसतो. छापायच्या आधी रुसवणारा एक ओगुनी पाळायला हवा.

निशीकासाईकर

टोकियोतून हजेरी. ओनोमिचीला जाऊन आलोय, शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) चार-एक तासांत होतं. गाव अजून चढावाचं, देवळांचं, खाली चिंचोळा समुद्र आणि पलीकडे बेट. जोदोजी देवळाच्या अंगणात तोमी गेल्यानंतरच्या पहाटेचं दृश्य आहे. शुकिची घरातून कधी बाहेर पडला कुणाला कळलेलं नसतं. नोरिको त्याला शोधत येते आणि सांगते, धाकटे भावजी पोचले. तो समुद्राकडे बघत म्हणतो, पहाट फार सुंदर झाली, आज पण उकडणार बघ. आणि दोघं घराकडे वळतात. बायको जाऊन काही तास झालेत! अर्धविराम, तुमच्या यादीत हे कसं नाही?

कानाला कळणारी एक गोष्ट सबटायटल्समधून निसटते. म्हातारा-म्हातारी त्यांच्या गावच्या बोलीत बोलतात, टोकियोतली मुलं प्रमाण भाषेत. कुणी त्याचा उल्लेखसुद्धा करत नाही. बोली वापरून विनोद करायचा नाही, नुसती दोन पिढ्यांमधली लांबी दाखवायची, हे मला फार आवडलं. आमच्या घरी मुलं जपानीत भांडतात आणि आजीशी व्हिडिओ कॉलवर मराठीत "जेवलीस का" विचारतात, तेव्हा आठवतं.

कामाकुराला ओझूची समाधीही बघितली, एंगाकुजी मठात. लोक साकेच्या बाटल्या ठेवून जातात. भरलेल्या!

रोखठोक

उत्साहाच्या भरात सगळे डोलतायत म्हणून थोडं विरजण. वरचा सिलिंडरचा संवाद मला पोकळ वाटला. तुम्ही आधी सांगितलंत की वाटणीवरून मनं कडू झालीयत, म्हणून मला तो कळला. कथेत ते कोण सांगणार? अशा "अव्यक्त" कथा वाचून वाचून कंटाळा आलाय. लेखकाला जे लिहिता येत नाही ते तो गाळतो, आणि विचारलं की जपानकडे बोट दाखवतो.

अर्धविराम

@निशीकासाईकर, ते दृश्य जाणूनबुजून ठेवलं होतं, म्हटलं कुणीतरी आणेलच. आणलंत.

@रोखठोक, आक्षेप एकदम मान्य होण्यासारखा आहे, आणि त्याचं उत्तर ओझूकडेच आहे. तो काही लपवत नाही हो. 'टोकियो स्टोरी'च्या पहिल्या काही मिनिटांत आपल्याला कळतं की थोरला डॉक्टर आहे, धाकटा मुलगा ओसाकाला आहे, धाकटी मुलगी शाळेत शिकवते, म्हातारा-म्हातारी कुठून कुठे आणि का निघालेत. नोरिको लढाईत गेलेल्या मुलाची बायको, त्याला जाऊन आठ वर्षं झाली, हेही साध्या वाक्यात सांगितलं जातं. माहिती भरपूर, भरभर आणि लाज न बाळगता. त्यावर मग "उशी कुठाय" उभं राहतं. नक्कल करणारे माहितीही गाळतात आणि भावनाही, मग राहतो तो गार चहा.

आणि त्याच्याकडे कथानक नसतं, हाही एक गैरसमज. 'लेट स्प्रिंग'मध्ये तर धडधडीत कारस्थान आहे. मुलगी बापाला सोडून लग्न करायला तयार नाही, म्हणून बाप खोटंच सांगतो की मीच दुसरं लग्न करणार आहे. सगळा सिनेमा त्या थापेवर चालतो. मुलीचं लग्न मात्र पडद्यावर दिसतच नाही, जावईही शेवटपर्यंत दिसत नाही, तो गॅरी कूपरसारखा दिसतो एवढी चर्चा फक्त ऐकू येते. शेवटी बाप घरी येऊन सफरचंद सोलतो. बाप झालेल्या चिशू र्‍यूला ओझूने तिथे हंबरडा फोडायला सांगितलं होतं. तो म्हणाला, मला नाही जमणार. म्हणून मग नुसती मान खाली जाते. म्हणजे त्या गाजलेल्या संयमाचं निम्मं श्रेय नटाचं!

माझ्या कथेत सिलिंडरच्या आधी तलाठ्याकडचा एक प्रसंग आहे. सातबाऱ्यावर कुणाचं नाव राहणार ते तिथेच सरळ येतं. तुमच्या प्रतिसादानंतर तो आणखी सरळ करणार आहे.

रोखठोक

तलाठी असेल तर चालेल. तसा 'उगेत्सु'वर (१९५३) माझाही जीव आहे, म्हणून या धाग्यावर आलो. कुंभार लढाईच्या धामधुमीतून घरी परततो. घर अंधारं, चूल थंड, बायको नाही. हाका मारत तो मागच्या दाराने बाहेर पडतो, कॅमेरा आतूनच त्याच्याबरोबर वळत जातो, आणि तो पुढच्या दाराशी येईपर्यंत तीच चूल पेटलेली असते आणि बायको शेजारी बसलेली. मध्ये कट नाही. ती केव्हाच मेलीय. दिग्दर्शक मिझोगुची आणि छायाचित्रकार काझुओ मियागावा. भूतकथा लिहिणाऱ्यांनी धूर, कुत्री आणि "अचानक" हा शब्द टाकून द्यावा आणि हे बघावं. घाबरवायचंच नाहीये, त्याला जेवू घालायचंय.

काना_मात्रा

जपानी सिनेमातून कादंबरीकार कसा घडतो याचा नमुना हवा असेल तर काझुओ इशिगुरो. नागासाकीत जन्म १९५४ चा, पाच वर्षांचा असताना इंग्लंडला गेला. त्याच्या सुरुवातीच्या लिखाणातला जपान बराचसा ओझू-नारुसेच्या सिनेमांतून आलाय, हे त्याने मुलाखतींत मोकळेपणी सांगितलंय. 'अ‍ॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' (१९८६) मध्ये युद्धानंतरचा एक म्हातारा चित्रकार धाकट्या मुलीचं लग्न जमवायच्या खटपटीत आहे. मुलींची नावं सेत्सुको आणि नोरिको. योगायोग म्हणायचं तर म्हणा! पुढे त्यानेच 'इकिरु' लंडनच्या कचेरीत नेऊन 'लिव्हिंग'ची (२०२२) पटकथा लिहिली.

मला त्यातून मिळालेली सोय अशी: तुम्हाला ज्या गावात राहायला मिळालं नाही, ते गाव सिनेमातून उभं करता येतं, निवेदक थोडा लबाड असला म्हणजे झालं.

मधली_सुट्टी

सुरुवात कशाने करू? 'टोकियो स्टोरी'ची भीती वाटायला लागलीय आता.

पडवी

'गुड मॉर्निंग'ने कर. रंगीत आहे, दीड तासाचा आहे, आणि पोरं पादतात.

पुण्यात असशील तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेव. ओझू-कुरोसावा अधूनमधून लागतात आणि मोठ्या पडद्यावर साडेसातींनाही झोप लागणार नाही.

साडेसाती

नाव घेतलंत म्हणून बघितला, काल रात्री, 'गुड मॉर्निंग' (१९५९). झोपलो नाही. इथे कुणी याबद्दल नीट लिहिलं कसं नाही? अर्धविराम, तुमचा अख्खा धागा या एका सिनेमात आहे.

दोन पोरांना टीव्ही हवाय, सुमो कुस्त्या बघायला. बाप ओरडतो, फार बोलता. तर थोरला उलट सुनावतो: मोठी माणसंच फालतू बोलतात, नमस्कार, छान हवा पडलीय, कुठे निघालात, इथेच जरा. आणि दोघं मौन पाळतात. शाळेत जेवणाचे पैसे न्यायचेत, ते खुणांनी सांगायला जातात, कुणाला काही कळत नाही. शेजारणीला नमस्कार करत नाहीत, तर तिला वाटतं यांच्या आईनेच डूख धरलाय, कारण आधी महिला मंडळाच्या वर्गणीवरून कुजबुज झालेली असते. वर्गणी मिळाली नाही, आणि हिच्याकडे नवं वॉशिंग मशीन! (शेजारीण तीच, केकवाली सुगिमुरा.) पैसे तिच्या म्हातारीने घेऊन ठेवलेले असतात, द्यायला विसरलेली असते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मेंटेनन्सवरून हेच महाभारत सध्या चालू आहे, फक्त तिथे वॉशिंग मशीनच्या जागी पार्किंगमधली नवी गाडी आहे.

आणि शेवटी फलाटावर तो इंग्रजी शिकवणारा मास्तर आणि पोरांची मावशी. दोघांचं एकमेकांवर आहे हे अख्ख्या वस्तीला माहीत. बोलतात काय, तर हवा छान आहे, हो छान आहे, तो ढग बघा कसा मजेशीर आहे, हो ना. गाडी येईपर्यंत एवढंच.

मी कथा लिहीत नाही. पण गटावर आज "सुप्रभात, उकाडा वाढलाय" टाकलं. समोरच्या गाडीवाल्याने महिन्याभराने उत्तर दिलंय, "हो ना, पाऊस लांबला." पुढे काय लिहू ते सांगा. 'टोकियो स्टोरी' शनिवारी.